डॉ. आनंदीबाई जोशी : एक अपुरे ताट

गेल्या वर्षी संमेलनाच्या तालमी चालू असताना मी एकदा रंगमंचावरच चक्कर येऊन पडले. मैत्रिणींनी वारा घातला, सरांनी रिक्षा बोलावली आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी रक्त तपासायला लावले. हिमोग्लोबिन साडेसात निघाले. जेवतेस का नीट, असे बाईंनी विचारल्यावर डबा येतो आणि तो सगळा संपवते, असे मी ठोकून दिले. ते खोटे होते. एकांकिकेतील भूमिकेसाठी वजन उतरवायचे मनात घेतले होते. आधी पोळ्या कमी केल्या, मग भात सोडला आणि दिवाळीनंतर रात्रीचे जेवणच बंद केले. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी हे सारे माझ्या मदतीला धावून आले. आज उपवास आहे, एवढे म्हटले की आपल्याकडे पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही. उलट कौतुकच होते. खोलीतल्या तिघींनाही संशय आला नाही.

त्यानंतर तीन आठवडे गावी सक्तीची विश्रांती घ्यावी लागली. निघताना प्रकल्पासाठी म्हणून ग्रंथालयातून डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र घेतले होते. पहिली भारतीय स्त्री डॉक्टरांपैकी एक, अमेरिकेला गेलेली पहिली महाराष्ट्रीय तरुणी, एवढे शाळेपासून पाठ होते. पण अंथरुणावर पडून, आई शेजारी पेजेची वाटी घेऊन बसलेली असताना हे चरित्र वाचले, तेव्हा मला त्यात पदवीपेक्षा दुसरेच काही दिसू लागले. पानापानावर मी शोधू लागले, की ही मुलगी जेवली केव्हा?

त्याच प्रश्नाच्या अंगाने हे चरित्र सांगण्याचा माझा प्रयत्न आहे. आनंदीबाईंना मी एकेरी संबोधणार आहे, त्याबद्दल वडीलधाऱ्यांनी राग मानू नये. ती गेली तेव्हा तिला बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. आपल्या महाविद्यालयातील पदव्युत्तर वर्गातल्या ताया तिच्यापेक्षा मोठ्या आहेत.

तिचा जन्म ३१ मार्च १८६५ चा, आपल्या पुण्यातलाच, आजोळच्या घरी. माहेर कल्याणचे. वडील गणपतराव जोशी यांचे घराणे एके काळी सुस्थितीतले, पण पुढे ओढगस्तीला लागलेले. माहेरचे नाव यमुना. मुलीने शिकावे असे वडिलांना वाटे. आईचा स्वभाव मात्र कडक. आईचा हात नुसत्या छडीवर थांबत नसे, दगड, लाकूड, प्रसंगी जळता निखाराही तिच्या शिक्षेत असे, ही आठवण आनंदीने स्वतःच पुढे लिहून ठेवली आहे. म्हणजे मायेने भरवलेला घास हा तिच्या लहानपणाचा भाग फारसा नसावा, असे मला वाटते. हा माझा तर्क आहे. पण ज्या घरी मार रोजचा, तिथे मुलाच्या पोटाला भूक लागली तरी ती सांगायची हिंमत होत नाही, हे आपण आजूबाजूला पाहतोच.

१८७४ साली, वयाच्या नवव्या वर्षी, तिचे लग्न गोपाळ विनायक जोशी यांच्याशी झाले. गोपाळराव टपाल खात्यात कारकून, बिजवर, आणि वयाने तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे. त्यांनी यमुनेची आनंदी केली. गोपाळराव हा मोठा विलक्षण माणूस. बायकोला शिकवीनच, ही त्यांची ईर्ष्या. त्या काळी नवरे बायकोला मारत, ते स्वयंपाक बिघडला म्हणून. गोपाळरावांचे उलटे होते. पुस्तक सोडून आनंदी स्वयंपाकघरात आजीच्या हाताखाली काम करताना दिसली, म्हणून त्यांनी तिला बांबूच्या काठीने बडवले, अशी हकीकत सांगतात. शेजारीपाजारी चकित झाले. स्वयंपाक करते म्हणून मार खाणारी ही महाराष्ट्रातली बहुधा एकटीच सून असेल!

ही गोष्ट आपण हसून सांगतो. तिच्या शिक्षणाचा पाया म्हणून कौतुकानेही सांगतो. पण तिला चूल आणि पुस्तक यांपैकी एकच निवडायला लावले गेले, आणि निवडही तिची नव्हती, हे आपल्या लक्षात येत नाही. पुढे अमेरिकेत असताना तिने नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्रात या साऱ्याचा हिशेब आहे. दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांचा मार, बाराव्या वर्षी अंगावर फेकलेल्या खुर्च्या आणि पुस्तके, सोडून जाण्याच्या धमक्या, चौदाव्या वर्षीच्या आणखी वेगळ्या शिक्षा, हे सगळे तिने एकेक करून नोंदवले. तरीही तुमचे वागणे चांगले की वाईट हे ठरवणे अवघड आहे, अशाच अर्थाचे ती लिहिते. कारण त्या माराशिवाय ती त्या पत्रापर्यंत पोहोचली नसती, हेही तिला दिसत होते. ज्याने आपल्याला घडवले त्यानेच आपल्याला मोडले, हे कबूल करणे किती कठीण असते!

चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला. तो दहा दिवसांत गेला. योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर मूल वाचले असते, असे तिला वाटत राहिले आणि डॉक्टर होण्याचा विचार तिथूनच रुजला, असे तिचे सर्व चरित्रकार मानतात. मला इथे आणखी एक गोष्ट दिसते. चौदा वर्षांच्या मुलीचे स्वतःचेच अंग अजून वाढत असते. त्या वाढत्या देहातून दुसरा देह घडवायचा म्हणजे लोह, चुना, प्रथिने यांची दुप्पट ओढ. आज हे शास्त्र शाळेतही शिकवतात. तेव्हा आपल्याकडे सून सर्वांच्या मागून, उरलेसुरले जेवत असे. कोवळ्या वयातील बाळंतपणे आणि आयांची रोडावलेली शरीरे यांचा संबंध कोणी लावत नव्हते.

गोपाळरावांच्या बदल्यांबरोबर बिऱ्हाड फिरत राहिले. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर. कोल्हापुरात असतानाच, १८७८ साली, गोपाळरावांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी मदत मागितली. उत्तर मिळाले ते धर्मांतराच्या अटीचे. पण तो पत्रव्यवहार एका मिशनरी मासिकात छापला गेला, आणि न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर नावाच्या बाईंनी तो दातांच्या डॉक्टरकडे वाट पाहत बसल्या असताना वाचला. त्यांनी १८८० मध्ये आनंदीला पत्र पाठवले. न पाहिलेल्या या बाईला आनंदी मावशी म्हणू लागली. आपल्या चरित्राची एवढी मोठी कलाटणी कोण्या दवाखान्यातल्या जुन्या मासिकाने दिली, हे वाचून मला फार गंमत वाटली.

याच काळात तिची प्रकृती ढासळू लागली होती. सतत डोके दुखणे, अधूनमधून ताप, अशक्तपणा, कधी धाप लागणे. कार्पेंटर मावशींनी अमेरिकेतून औषधे पाठवली. गुण आला नाही. अशा अवस्थेतच तिला परदेशी पाठवण्याचे ठरले. गोपाळरावांना रजा आणि पैसा दोन्हीची अडचण, म्हणून तिने एकटीने जावे असे त्यांनी ठरवले. समाजात गदारोळ उठला. तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजच्या सभागृहात या सतरा वर्षांच्या मुलीने इंग्रजीत जाहीर भाषण केले. हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची गरज आहे, मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असा तिचा निर्धार होता.

हा निर्धार आपण अभिमानाने सांगतो, आणि तो अभिमानाचाच आहे. पण त्याचा अर्थ व्यवहारात काय होता? शाकाहार मोडायचा नाही, पातळ सोडायचे नाही. म्हणजे पुण्याच्या आणि कल्याणच्या हवेसाठी बनलेले अन्न आणि वस्त्र घेऊन बर्फाच्या देशात राहायचे. समाजाचे समाधान करण्याचा सगळा भार तिच्या अंगावर आणि ताटावर पडला. धर्म राखला की नाही हे पाहायला शेकडो डोळे होते. अंगाला काही लागते की नाही हे पाहायला कोणी नव्हते.

७ एप्रिल १८८३ रोजी ती कलकत्त्याहून आगबोटीने निघाली. सोबतीला मिशनरी बायका होत्या, घरचे कोणी नव्हते. ४ जूनला न्यूयॉर्कला पोहोचली. जवळजवळ दोन महिन्यांचा प्रवास, आणि बोटीवरील मांसाहारी जेवणात तिला चालण्याजोगे फार थोडे. उन्हाळा मात्र रोझेलला कार्पेंटर मावशींकडे बरा गेला. मावशींच्या मुलींशी तिची गट्टी जमली. आपल्या पद्धतीचा स्वयंपाक करून तिने त्या मंडळींना जेवूही घातले. तिच्या सगळ्या चरित्रात मनमोकळेपणाने मांडलेली पंगत मला दिसली, ती ही एवढीच.

त्या शरदात तिने फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात नाव घातले. १८५० साली स्थापन झालेली ही संस्था स्त्रियांना वैद्यकाचे शिक्षण देणाऱ्या जगातील पहिल्या महाविद्यालयांपैकी. तिथल्या डीन रेचल बॉडली यांनी तिला आस्थेने दाखल करून घेतले. तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची शिष्यवृत्ती मिळाली. त्याच सुमारास, १८८४ मध्ये, आपल्या पुण्यात मुलींचे हुजूरपागा हायस्कूल सुरू झाले, एवढे लक्षात घेतले म्हणजे ही मुलगी काळाच्या किती पुढे चालली होती ते कळते.

पण देह काळाच्या पुढे धावत नाही. फिलाडेल्फियाचा हिवाळा कडक. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहत, म्हणून तिने गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. राहायच्या खोलीत आधी धड ऊबही नव्हती, चूल पेटवताना धुराने जीव घाबरा होई. दिवसभर व्याख्याने, शवविच्छेदन, पाठांतर. आणि त्यानंतर स्वतःपुरते रांधायचे. एकट्यासाठी रांधण्याचा कंटाळा काय असतो, हे खोली करून राहणाऱ्या कोणत्याही विद्यार्थिनीला विचारा. चहावर भागते, पावावर भागते, उद्या करू म्हणून आज झोपता येते. परीक्षा जवळ आली की पहिली सुट्टी जेवणाला मिळते.

इथे एक गैरसमज होऊ नये. शाकाहाराने तिचा घात केला, असे मला म्हणायचे नाही. वरणभात, भाजीभाकरी, ताक, तूप, दाणे, उसळी यांवर धडधाकट पिढ्या वाढल्या आहेत. पण त्या ताटातल्या डाळी, कडधान्ये, पालेभाज्या आणि त्यांची चव ज्या देशात मिळत नाही, तिथे ताटातून मांस वगळल्यावर काय उरते, हा प्रश्न आहे. जे उरते ते पोट भरते, अंगाला लागत नाही. शिवाय अंग आधीच तापाने झिजलेले.

याच फिलाडेल्फियात त्या वेळी डॉ. सायलस वेअर मिचेल हे नामांकित डॉक्टर होते. रोडावलेल्या, थकलेल्या स्त्रियांना अंथरुणावर झोपवून, भरपूर दूध पाजून, अंगाला मालिश करून पुष्ट करायचे, हा त्यांचा उपचार. त्यावर त्यांनी १८७७ मध्ये पुस्तकही लिहिले. त्याच्या थोडे आधी, १८७३ साली, लंडनचे सर विल्यम गल आणि पॅरिसचे डॉ. लासेग यांनी जवळजवळ एकाच वेळी अशा तरुण मुलींचे वर्णन केले होते, ज्या अन्न समोर असून खात नाहीत आणि झिजत जातात. गल यांनी त्या आजाराला दिलेले अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव आजही चालू आहे. म्हणजे तरुण मुलीचे न जेवणे हा वैद्यकाचा विषय आहे, हे आनंदी फिलाडेल्फियात जाण्याच्या आधी दहा वर्षे पश्चिमेत ठाऊक झाले होते.

पण डॉ. मिचेल यांच्या उपचाराची दुसरी बाजूही होती. ते रोगी स्त्रीचे वाचन-लेखन बंद करत. शार्लट पर्किन्स गिल्मन या लेखिकेने १८८७ मध्ये हा उपचार घेतला आणि त्यातून वेडाच्या काठापर्यंत गेल्याचे पुढे कथेतून सांगितले. गोपाळराव पुस्तकासाठी बायकोला चुलीपासून ओढत होते, आणि तिकडचा थोर डॉक्टर जेवणासाठी बाईच्या हातातले पुस्तक काढून घेत होता. बाईला पोटभर अन्न आणि मनभर विद्या दोन्ही लागते, ही साधी गोष्ट दोन्ही खंडांतल्या शहाण्या पुरुषांना सुचली नाही!

आनंदीला गल यांनी वर्णिलेला आजार होता, असे मी म्हणत नाही. तसा काही पुरावा नाही, आणि मेलेल्या माणसावर रोगाचे नाव चिकटवणे बरे नव्हे. तिचा रोग क्षय होता. क्षयाचे जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ च्या मार्चमध्ये, म्हणजे ती बोटीवर चढण्याच्या एकच वर्ष आधी जाहीर केले होते. औषध मात्र १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडेपर्यंत नव्हते. तोवर विश्रांती, मोकळी हवा आणि सकस आहार एवढीच शस्त्रे. जंतू पुष्कळांच्या अंगात शिरतात, पण सगळ्यांना रोग होत नाही. अंगातील प्रतिकारशक्ती त्यांना दाबून ठेवते. आणि कुपोषणाने ती शक्तीच पांगळी होते. आपल्याच देशात झारखंडमध्ये क्षयरोग्यांच्या घरच्या माणसांना पूरक शिधा देऊन पाहिला, तेव्हा त्या घरांतील नव्या क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले. हा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. क्षयरोग्यांना आहारासाठी सरकार २०१८ पासून दरमहा ५०० रुपये देऊ लागले आणि नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० केले, त्यामागे हेच शास्त्र आहे. आनंदीच्या ताटात जे कमी पडले, ते औषध होते.

शिकत असताना ती खचत गेली, पण अभ्यास सोडला नाही. १८८५ मध्ये गोपाळराव अमेरिकेत आले. तिथे त्यांनी व्याख्याने देऊन अमेरिकन समाजावरच तोंडसुख घेतले आणि तिची अडचण केली. ११ मार्च १८८६ रोजी तिला एम.डी. ची पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय हिंदू आर्यांमधील प्रसूतिशास्त्र. दहा दिवसांच्या बाळाची आई त्या विषयाकडे वळली, यात नवल नाही. समारंभाला पंडिता रमाबाई खास आल्या होत्या. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला असेल. पण त्या दिवशी टाळ्या घेणाऱ्या मुलीच्या छातीत रोग घर करून बसला होता.

तिने पुढे बोस्टनच्या स्त्रिया व मुलांच्या इस्पितळात उमेदवारी सुरू केली. ती प्रकृतीमुळे फार दिवस निभली नाही. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड इस्पितळातील स्त्रीविभागाची प्रमुख म्हणून तिची नेमणूक केली. आजचे कोल्हापूरचे सीपीआर रुग्णालय ते हेच. ९ ऑक्टोबर १८८६ ला ती न्यूयॉर्कहून निघाली आणि १६ नोव्हेंबरला मुंबईला उतरली. ज्या समाजाने जाताना नावे ठेवली, त्यातल्याच पुष्कळांनी तिचे स्वागत केले. टिळकांनी पत्र लिहून तिच्या धैर्याची वाखाणणी केली आणि मदतही पाठवली. पण कोल्हापूरच्या खुर्चीवर ती कधीच बसली नाही. पुण्याला आणल्यावर औषधोपचार झाले, पण रोग हटला नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी ती गेली. ज्या शहरात आजीच्या घरी जन्मली, त्याच शहरात. बाविसावा वाढदिवस सव्वा महिन्यावर होता. तिची रक्षा कार्पेंटर मावशींकडे पाठवली गेली आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली गेली. अस्थींनाही दोन देश लाभले.

अमेरिकेतील कॅरोलिन डॉल यांनी १८८८ मध्ये तिचे इंग्रजी चरित्र लिहिले. मराठीत काशीबाई कानिटकरांनी लिहिले. श्री. ज. जोशी यांची १९६८ मधील आनंदी गोपाळ ही कादंबरी घराघरात गेली. अंजली कीर्तने यांनी पुढे मोठ्या कष्टाने तिचे काळ आणि कर्तृत्व उलगडले. शुक्र ग्रहावरील एका विवराला तिचे नाव आहे. मान भरपूर मिळाला.

तिच्या मृत्यूनंतरची एक पुणेरी गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली आणि तिथे पाहुण्यांना चहा-बिस्किटे देण्यात आली. हा कट रचला होता याच गोपाळराव जोश्यांनी. हजर असलेल्यांची नावे त्यांनी वर्तमानपत्रात छापून आणली आणि शहरात ग्रामण्य उसळले. न्यायमूर्ती रानडे, टिळक असे थोर पुरुष त्यात अडकले. शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेले, चौकशी बसली, प्रायश्चित्ते झाली. कोणी चहा प्याला, कोणी नुसता पेला हातात धरला, याची छाननी वर्ष-दीड वर्ष चालली. एका बिस्किटाचा एवढा हिशेब ठेवणाऱ्या या शहराने त्याच घरातली एक मुलगी काय खाऊन जगली आणि काय न खाऊन गेली, याचा हिशेब केला नव्हता. अन्नाने माणूस बाटतो की नाही यावर आम्ही खूप वाद घातले. अन्नावाचून माणूस झिजतो, याकडे पाहायचे राहून गेले.

वाचकहो, दीडशे वर्षे होत आली. आता आम्हाला समुद्र ओलांडायला कोणी अडवत नाही आणि बिस्किट खाल्ले म्हणून वाळीत टाकत नाही. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २०२१ या काळात, देशातील पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींमध्ये रक्ताल्पता आढळली. यातल्या पुष्कळजणींना पुरेसे मिळत नाही. आणि माझ्यासारख्या काहींना मिळते, तरी आम्ही ते दूर सारतो. एकीला गरिबी उपाशी ठेवते, दुसरीला आरसा. पोटातल्या अवयवांना कारण कळत नाही. त्यांना फक्त उपास कळतो.

डॉक्टरबाईंनी मला जे समजावले ते सर्वांच्या उपयोगी पडेल म्हणून सांगते. शरीराला अन्न मिळेनासे झाले, की ते आधी चरबी वापरते, मग स्नायू. थंडी जास्त वाजते, केस गळतात, पाळी अनियमित होते किंवा थांबते. पाळी थांबली की हाडे भरण्याचे वय वाया जाते आणि म्हातारपणी त्याची किंमत मोजावी लागते. हृदयाचे ठोके मंदावतात. उलट्या करून अन्न काढून टाकणाऱ्यांच्या रक्तातील क्षार बिघडून ते एकाएकी थांबूही शकते. मन लागत नाही, चिडचिड होते आणि गमतीचा भाग म्हणजे डोक्यात सारखे अन्नच घोळत राहते. अमेरिकेत १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांनी स्वखुशीने कित्येक महिने अर्धपोटी राहून पाहिले, तेव्हा ते दिवसरात्र जेवणाचेच बोलत आणि पाककृतींची पुस्तके वाचत. तेव्हा मला समजले, की वर्गात अर्थशास्त्राच्या तासाला मला पुरणपोळी का दिसे! तो माझा हावरटपणा नव्हता. ते शरीराचे गाऱ्हाणे होते. बाईंनी मला गोळ्यांबरोबर मनाच्या डॉक्टरांकडेही पाठवले. आधी मी लाजले. आता लाजत नाही. हा नखरा नाही, आजार आहे, आणि तो बरा होतो.

मुलगेही यातून सुटलेले नाहीत. आमच्या वर्गात दंड फुगवण्यासाठी भात-पोळी सोडून नुसत्या डब्यातल्या पावडरींवर राहणारे आहेत. त्यांना कोणी रोगी म्हणत नाही, पैलवान म्हणतात.

प्राध्यापकवर्गाला एक विनंती आहे. एखादी मुलगी वाळत चालली, तर आधी तिला जेवलीस का असे विचारा, मग गृहपाठ. मैत्रिणींना विनंती एवढीच, की कोणाला जाडी किंवा बारीक म्हणू नका, कौतुकानेसुद्धा नको. तू किती बारीक झालीस, या एका वाक्यावर मी तीन महिने उपाशी काढले आहेत. आणि कोणाचे उपवास आठवड्यात चार-चार होऊ लागले, तर ते देवासाठी आहेत की आणखी कशासाठी, हे एकदा शेजारी बसून विचारा.

आनंदीला असे विचारणारे फिलाडेल्फियात कोणी असेलही. बॉडलीबाई होत्या, मावशींची पत्रे होती. पण डोक्यावर ओझे एवढे होते, की जेवण ही तिला चैन वाटली असावी. धर्म राखायचा, नवऱ्याची जिद्द पुरी करायची, देशाचे नाव राखायचे, पदवी मिळवायची. या यादीत स्वतःचे पोट शेवटी आले. तिची जिद्द मी घेतली आहे. तिचे अपुरे ताट मात्र घेणार नाही. ती डॉक्टर होती. आज असती तर तिने मला हेच सांगितले असते, असे मला वाटते.

यंदा ३१ मार्चला, तिच्या जन्मदिवशी, परीक्षेचे दिवस असतील. त्या दिवशी खोलीतल्या आम्ही चौघींनी डबा एकत्र उघडायचे ठरवले आहे. पोळी, भाजी, वरण, भात. कोणी काही मागे ठेवायचे नाही.

(द्वितीय वर्ष, कला)